मानेचा हुकूम

मावळातल्या तिकोणा पेठेत भातलावणी करणाऱ्याचे दोन्ही हात चिखलात असतात. फोन वाजला तर घ्यावा कसा? २०२४ पासून ‘एअरपॉड्स प्रो’ या कानातल्या साधनाला मान खालीवर करून होकार, आडवी हलवून नकार देता येतो.

युक्ती निसर्गाचीच आहे. आपल्या अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. यंत्रात सिलिकॉनचा सूक्ष्म भार असाच मागे राहतो. त्यातून विजेचा संकेत उमटतो.

परंतु आपल्याकडे मान दोन्ही खांद्यांकडे डोलावणे हाही होकारच! यंत्राने तो नकार मानला तर? ज्याला हातच नाहीत, त्याचा तो आधार व्हायचा असेल, तर यंत्राने आधी आपली मान ओळखली पाहिजे.