कानांनी पाहिलेली विश्वं (लेखांक १४) : आज दारापाशीच

गेल्या आठवड्यात ‘टूम शिप’ या ‘डॉक्टर हू’च्या श्राव्यनाटकातल्या डॉक्टर आणि निस्सा यांना आपण अवकाशात तरंगणाऱ्या त्या पिरॅमिडच्या तोंडाशी सोडलं. आज आत शिरायचं आणि ॲरिट या परग्रहवासीयांच्या देवराजाच्या थडग्यातले सापळे एकेक करून पाहायचे, असं ठरलं होतं. सापळे आता पुढच्या खेपेला. मधल्या काळात एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की त्याला बगल देऊन पुढे जाववत नाही. त्यांचं म्हणणं असं : ‘टूम शिप’मध्ये थडगं कुणालाच दिसत नाही. मग ते अवाढव्य आहे, युगानुयुगं बंद आहे, हे आपण मानतो ते कशाच्या जोरावर? पात्रं तसं म्हणतात म्हणून?

पात्रांनी म्हटलं म्हणून श्रोता काही मानत नाही. निवेदकाने ‘केवढी ही भव्य वास्तू’ असं दहा वेळा सांगितलं, तरी आपण जिथे बसलो आहोत तिथेच बसलेले असतो. आपल्याला आत नेतं ते वेगळंच काहीतरी : त्या जागेत गेल्यावर पात्रांच्या आवाजाचं काय होतं, ते.

विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही. ती मोहम्मद आदिलशाहाची कबर, १६५६ साली पुरी झालेली. आपल्याकडच्या शाळांच्या सहली तिथे जातात आणि मुलं घरी येऊन कबरीबद्दल नव्हे, आवाजाबद्दल बोलतात. घुमटाचा आतला व्यास ३८ मीटरच्या आसपास आहे. सज्ज्यात उभं राहून टाळी वाजवली की आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतो, म्हणजे सुमारे ७६ मीटर चालतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. हिशेब केला तर परतीला सेकंदाचा पाचवा हिस्सा, किंचित जास्तच, लागतो. मूळ आवाज आणि परतलेला आवाज वेगवेगळे कळायला कानाला याच्या निम्मा वेळही पुरतो. म्हणून टाळी एक आणि तिचे पडसाद अनेक.

हा हिशेब आपला मेंदू दिवसभर, न सांगता, करत असतो. आधी थेट आवाज येतो, मग जवळच्या भिंतींवरून परतलेले पहिले पडसाद, आणि मग सगळे पडसाद एकमेकांत मिसळून मागे रेंगाळणारा घुमारा. थेट आवाज आणि पहिला पडसाद यांच्यात किती वेळ गेला, त्यावरून भिंत किती दूर आहे ते कळतं. घुमारा किती टिकतो, त्यावरून जागा किती मोठी आणि भिंती कशाच्या ते कळतं. दगड आवाज परत पाठवतो. कापड, गवत, माणसांची गर्दी तो गिळून टाकते. मोठ्या पोकळीत तर हवासुद्धा तीक्ष्ण स्वर आधी शोषून घेते आणि खर्ज तेवढा मागे राहतो. अंधारातही आपण ‘ही जागा मोठी आहे बरं का’ म्हणतो, ते याच आधारावर.

आता गंमत पाहा. ‘टूम शिप’ काढणाऱ्या बिग फिनिशची कित्येक नाटकं ध्वनिमुद्रित होतात तेव्हा नट छोट्या छोट्या स्वतंत्र खोल्यांत उभे असतात. त्या खोल्यांना मुद्दाम घुमारा नसतो. शब्द तोंडातून निघाला की संपला. शेजारच्या खोलीतल्या नटाशी बोलायचं ते हेडफोनमधून. पीटर डेव्हिसनचा डॉक्टर ज्या प्राचीन दालनाकडे पाहून थक्क होतो, ते दालन त्या वेळी अस्तित्वातच नसतं. ते नंतर बांधलं जातं, ध्वनिसंयोजकाच्या टेबलावर.

हे बांधकाम पूर्वी फार कष्टाचं होतं. रेडिओ केंद्रांत त्यासाठी रिकाम्या, उघड्या भिंतींच्या खोल्या राखून ठेवलेल्या असत. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. नटाचा आवाज त्या खोलीत सोडायचा, घुमलेला परत उचलायचा आणि मूळ आवाजात हवा तेवढा मिसळायचा. १९५७ साली ईएमटी या जर्मन कंपनीने १४० नावाचं यंत्र आणलं. त्यात सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा पोलादाचा पातळ पत्रा चौकटीत ताणून टांगलेला असे. आवाजाने पत्रा थरथरायचा आणि ती थरथर घुमाऱ्यासारखी ऐकू यायची. आता तर खऱ्या गुहेत किंवा चर्चमध्ये जाऊन फुगा फोडायचा, त्याचे पडसाद टिपून घ्यायचे आणि संगणकाकरवी कुठलाही आवाज त्या जागेत नेऊन ठेवायचा, हे सर्रास होतं.

साधन कुठलंही असो, एक अडचण सुटत नाही. घुमारा वाढवला की शब्द एकमेकांत मिसळतात. थडग्यात खरोखर जसं ऐकू येईल तसं ऐकवलं, तर श्रोत्याला अर्ध्या संवादांचा पत्ता लागणार नाही. शिवाय कान फार लवकर सरावतो. दोन-तीन मिनिटं तोच घुमारा ऐकला की तो जाणवेनासा होतो. घुमारा जाणवतो तो बदलताना.

वाचकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर या एका वाक्यात आहे, आणि आजचा सगळा लेख दारापाशी घालवण्याचं कारणही तेच. थडग्याचा आकार आत गेल्यावर कळत नाही, तो उंबरठ्यावर कळतो. बाहेर पात्राचा आवाज कोरडा, आपल्या कानाशी. दार सरकतं. तेच पात्र एक वाक्य बोलतं आणि त्या वाक्याच्या शेवटच्या अक्षरामागे एक लांब शेपूट येतं. बस्स. पुढे ध्वनिसंयोजकाने घुमारा हळूहळू कमी केला तरी चालतं, कारण दालन आपल्या डोक्यात एकदा उभं राहिलं की ते पडत नाही. परग्रहावरच्या थडग्यांच्या गोष्टीत दाराशी कुणी ना कुणी हाक मारतंच. भाबडेपणा म्हणून ते सोडून देऊ नका. हाक मारणं म्हणजे तिथे जागेची मोजणी चाललेली असते.

याच्या उलट उदाहरण घ्यायचं तर ‘द टूम ऑफ द सायबरमेन’कडे वळावं लागतं. हे मुळात टीव्हीसाठी केलेलं ‘डॉक्टर हू’, किट पेडलर आणि जेरी डेव्हिस यांनी लिहिलेलं, सप्टेंबर १९६७ मध्ये बीबीसीवर चार भागांत दाखवलेलं. टेलोस ग्रहावर पुरातत्त्वज्ञांची तुकडी सायबरमेनांचं थडगं शोधायला येते. दाराला हात लावणारा पहिला माणूस विजेच्या धक्क्याने जागीच मरतो. इजिप्तमधल्या शापित थडग्यांच्या कथांचा साचा उघड दिसतो, फक्त ममींच्या जागी धातूची माणसं.

पुढे बीबीसीने आपल्या असंख्य जुन्या कार्यक्रमांच्या फिती पुसल्या, टाकून दिल्या. महागड्या फिती पुन्हा वापरता येत होत्या आणि जुने कार्यक्रम कुणी परत पाहील असं तेव्हा वाटत नव्हतं. त्यात हे चारही भाग गेले. पण इंग्लंडात घरोघरी काही मुलं मालिका चालू असताना टेपरेकॉर्डर लावून बसत होती. कुणी टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून, तर कुणी तार थेट जोडून. ‘डॉक्टर हू’चे आज हरवलेले नव्वदहून अधिक भाग ध्वनिरूपात शिल्लक आहेत ते या मुलांमुळे. एखादं सरकारी ग्रंथालय करू शकलं नाही ते त्यांनी केलं, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. ‘टूम’च्या प्रती १९९२ च्या सुरुवातीला हाँगकाँगहून परत मिळेपर्यंत चाहत्यांसाठी ते थडगं कानांपुरतंच होतं.

आणि इथेच फरक कळतो. नुसता ध्वनी ऐकला तर या कथेतला सर्वांत गाजलेला प्रसंग हातातून निसटतो. मधमाशांच्या पोळ्यासारख्या मजल्यांमजल्यांच्या कप्प्यांतून सायबरमेन पडदे फाडून बाहेर येतात तेव्हा ऐकू काय येतं? मार्टिन स्लाविनचं ‘स्पेस ॲडव्हेंचर’ हे तयार संगीत आणि थोडी खुडबुड. ते दृश्य डोळ्यांसाठी रचलेलं होतं. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची कॅसेट निघाली तेव्हा जॉन पर्टवी यांचं निवेदन जोडावं लागलं. पण त्याच कथेत रात्री पहाऱ्यावर बसलेली डॉक्टरची सोबतीण व्हिक्टोरिया आपल्या गेलेल्या वडिलांबद्दल बोलते आणि डॉक्टर तिला आपल्या माणसांबद्दल सांगतो, त्या प्रसंगाला निवेदकाची गरज पडत नाही. पॅट्रिक ट्रॉटन आणि डेबोरा वॉटलिंग यांचे आवाजच सगळं करतात. कानासाठी लिहिताना काय टिकतं आणि काय नाही, याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दाराचा विषय निघालाच आहे, तर ३० ऑक्टोबर १९३८ ची ती रात्र आठवा. ऑर्सन वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या रेडिओनाटकात मंगळावरून आलेल्या नळकांड्याचं झाकण फिरत फिरत उघडतं. ध्वनिपरिणाम ओरा निकोल्स यांच्याकडे होते. तो आवाज स्वच्छतागृहात बरणीचं झाकण फिरवून काढला, असं सांगतात. बरणी कुठल्याही टेबलावर उघडता आली असती. फरशांनी मढलेल्या त्या कोंदट जागेचा घुमारा हवा होता, म्हणून तिथे जावं लागलं. परग्रहवासी तिथे जन्माला आला.

आता एक खरं थडगं, कारण तेही एकदा रेडिओवर आलं आहे. तुतनखामेनच्या थडग्यात हॉवर्ड कार्टर यांना दोन तुताऱ्या सापडल्या, एक चांदीची आणि एक काशाची. १६ एप्रिल १९३९ रोजी कैरोच्या संग्रहालयातून बीबीसीने त्यांचं वादन जगभर ऐकवलं. वाजवणारे होते ब्रिटिश लष्करी बँडमधले जेम्स टॅपर्न. तीन हजारांहून अधिक वर्षांनी त्या धातूतून श्वास गेला. टॅपर्न यांनी त्यात हल्लीचं माउथपीस बसवलं होतं, त्यामुळे प्राचीन इजिप्शियन कानांनी नेमकं हेच ऐकलं असेल असं म्हणता येत नाही. तरी ते ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे, आणि मिळालं तर जरूर ऐका.

‘टूम शिप’च्या संदर्भात ही तुतारी मला महत्त्वाची वाटते. आतापर्यंत आपण बोललो ते सगळे आवाज जिवंत माणसांचे. थडगं फक्त ते परतवत होतं. तुतारीत मात्र थडग्यातली वस्तू स्वतः बोलते. ॲरिटांचं थडगं तर जहाज आहे. त्याला यंत्रं आहेत, त्याला प्रवास आहे. म्हणजे कधीतरी ते आपल्या पडसादांवर न थांबता स्वतःचा आवाज काढणार. प्रत्येक सापळा हा त्या आवाजातला एकेक शब्द आहे, अशा दृष्टीने पुढच्या आठवड्यात ते पाहूया.

तोवर एक काम करा. ‘टूम शिप’चा पहिला भाग हेडफोन लावून पुन्हा ऐका आणि पात्रं एका जागेतून दुसऱ्या जागेत जातात तिथे थांबून, वाक्याचं शेवटचं अक्षर किती वेळ रेंगाळतं तेवढंच टिपून ठेवा. दालनांचा नकाशा आपोआप कागदावर उतरेल. सापळे समजून घ्यायला तो लागणार आहे.