उभ्या गाडीची रेस

गोडादऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि तो माझ्या आवडीच्या खोडीचा आहे. त्यांनी नवी टर्बो पेट्रोल सेडान घेतली, डीएसजी गिअरबॉक्सची. सोसायटीतल्या पोरांना आवाज ऐकवायचा म्हणून न्यूट्रलमध्ये पाय पूर्ण दाबला, तर काटा ४००० च्या आसपास जाऊन अडला. लाल पट्टा अजून कितीतरी लांब. ‘गाडीत फॉल्ट आहे का?’

नाही भाऊ, गाडी ठणठणीत आहे. फोक्सवॅगन समूहाच्या कितीतरी डीएसजी गाड्या उभ्या असताना अशाच वागतात. नेहमीचा लिमिटर लाल पट्ट्यावर इंधन तोडतो, म्हणून गाडी हिसके देते. हा तसा नाही. हल्ली पेडलला केबल नसते, सेन्सर असतो. पाय कितीही दाबा, थ्रॉटल किती उघडायचा ते ईसीयू ठरवतो. न्यूट्रल दिसलं की तो थ्रॉटल हळूच ओढून घेतो. म्हणूनच काटा आपटत नाही, नुसता थबकतो.

एवढी काळजी कशाला? गिअरमध्ये असताना इंजिनाला टनभर गाडी ओढायची असते, फेऱ्या बेताने चढतात. न्यूट्रलमध्ये ओझंच नाही, फेऱ्या उसळतात. लेक्ससच्या एलएफएचं ४.८ लिटरचं व्ही१० इंजिन आयडलवरून ९००० वर ०.६ सेकंदात जायचं. काट्याला तो वेग झेपेना म्हणून कंपनीने मीटर डिजिटल केला. अशा उसळीत इंजिन गार असेल, तेल नीट पोचलेलं नसेल, तर बेअरिंगांचं काही खरं नाही. बीएमडब्ल्यूने जुन्या एम५च्या मीटरवर त्यासाठी दिवेच लावले होते; तेल तापेल तशी लाल हद्द वर सरकायची. त्यात क्लचची भर. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.५ लिटर इंजिनाला जो सात गिअरचा डीएसजी जोडतात, त्याचे क्लच कोरडे, तेलात न बुडणारे. इंजिन किंचाळत असताना कुणी लिव्हर डीमध्ये ओढला तर त्या क्लचचे हाल होतील.

यात नवं ते फक्त सॉफ्टवेअर. आमच्या पर्वत पाटियाला कापडाचे तागे वाहणारे जुने टेम्पो गॅरेजला येतात, त्यांच्या डिझेल पंपात फिरत्या वजनांचा गव्हर्नर बसलेला असतो. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर फेकली जातात आणि रॅक मागे ओढून डिझेल कमी करतात. डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसायचा, त्यामुळे गव्हर्नर नसता तर उभं इंजिन स्वतःच्याच वेगाने फुटलं असतं. त्याच्या हद्दीच्या स्क्रूला तार आणि शिशाचं सील. ते तोडून स्क्रू अर्धा आटा फिरवणारे उस्ताद इथे पैशाला पासरी मिळायचे.

या गव्हर्नरवरच डिझेल गाडीची पीयूसी चालते. पेट्रोल गाडीला अडचण नाही; बीएस४ आणि पुढच्या गाड्यांची जास्तीची तपासणी २५०० फेऱ्यांच्या आसपास होते. पण डिझेलची नळी सायलेन्सरमध्ये गेली की पीयूसीवाला ‘रेस आपो’ म्हणतो, आणि पेडल झटक्यात तळाला न्यावं लागतं, इंजिन गव्हर्नरच्या हद्दीला टेकेपर्यंत. उभ्या गाडीची हद्द सॉफ्टवेअरनेच खाली आणली असेल, तर त्या धुराच्या आकड्यातून गाडीची खरी तब्येत कितपत कळते? मला तरी ही चाचणी मागच्या पिढीतली वाटते.

आता वाचकांचा दुसरा प्रश्न: रिमॅप करून ही हद्द काढता येते का? येते. सोबत फटाके फोडण्याचा मॅपही गळ्यात मारतात. त्यात ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात किंवा तोडतात, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली जाळी वितळू शकते. त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं. नव्याचा भाव आधी विचारून या.

लाल पट्टा बघायचाच असेल तर इंजिन तापू द्या, कडोदऱ्याकडे रस्ता मोकळा मिळाला की मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरला पाय दाबा. काटा ४००० ओलांडून सरळ वर जाईल. फक्त टोकाला पोचताच गिअरबॉक्स तुम्हाला न विचारता तिसरा टाकेल, मॅन्युअल मोड असला तरी.