लग्नाच्या सोन्याचा झाला बसभाड्याचा हजार
लेखमाला : गळती (भाग सहावा)

आयटीआयमध्ये फिटरच्या पहिल्या वर्षाला आलेल्या पोराच्या हातात सगळ्यात आधी पडते ती कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासत राहायचं. घासून झालं की त्यावर गुण्या ठेवून तुकडा उजेडासमोर धरायचा. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, की पुन्हा व्हाइस, पुन्हा कानस. आठवडाभरात तळहाताला फोड येतात, पुढच्या आठवड्यात ते फुटतात. मोबाइलवर रोबोटचे हात बघून प्रवेश घेतलेल्या पोराला वाटतं, आपण फसलो. गिंडीच्या आयटीआयत जा, आंबत्तूरच्या जा, नाहीतर आपल्या औंधच्या, हे सारखंच. आणि फाटकाबाहेर, पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून घरोघर जेवण पोचवणारा त्याचाच शाळासोबती उभा असतो. त्याच्या हातात पैसे आलेले असतात.

पहिली गळती इथे होते. नापास होऊन जाणारे नंतरचे.

मागच्या पाच भागांत आपण शाळेतली गळती पाहिली. आता शाळेनंतरच्या, हाताला काम देणाऱ्या शिक्षणाकडे वळू: आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग. आणि त्यासाठी चेन्नईला जाऊ. कारण आकड्यांत तमिळनाडू आपल्यापेक्षा बराच पुढे आहे. २०२१-२२ च्या केंद्रीय उच्चशिक्षण सर्वेक्षणात देशाचं सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या दर शंभरांमागे पटावरची नावं, २८.४ होतं, महाराष्ट्राचं ३५.३ आणि तमिळनाडूचं ४७. अर्थात हे आकडे पटावरच्या नावांचे. त्यातली किती नावं शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकतात, ते यातून कळत नाही. आपल्याकडे प्रवेशाच्या याद्या वाजतगाजत लागतात. सोडून गेलेल्यांची यादी कुणी भिंतीवर लावत नाही.

तमिळनाडूत १९८९ पासून मूवलूर रामामिर्दम अम्मैयार यांच्या नावाची एक योजना होती. गरीब घरातल्या शिकलेल्या मुलीच्या लग्नाला सरकार मदत करायचं. ही मदत पुढे दहावी झालेलीला २५ हजार, पदवी किंवा पदविका असलेलीला ५० हजारांपर्यंत गेली. त्यात तालीसाठी, म्हणजे त्यांच्या मंगळसूत्रासाठी, सोनंही आलं आणि ते आठ ग्रॅमपर्यंत गेलं. हेतू चांगलाच होता, मुलगी निदान दहावीपर्यंत शिकावी. पण पैसे मिळायचे ते लग्न ठरल्यावर. शिकत असताना बसला, वह्यांना, दुपारच्या डब्याला त्यातला एक रुपयाही उपयोगी पडत नव्हता.

२०२२ मध्ये ही योजना बदलली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला चेन्नईत ‘पुदुमै पेण’, म्हणजे नवी स्त्री, या नावाने तिचं नवं रूप सुरू झालं. सरकारी शाळेतून आलेली मुलगी पदवी, पदविका किंवा आयटीआय करत असेल, तर शिक्षण संपेपर्यंत दरमहा एक हजार रुपये थेट तिच्या खात्यात. मुलांसाठी तशीच ‘तमिळ पुदल्वन’ ऑगस्ट २०२४ मध्ये आली. सरकारी आयटीआयतल्या मुलांना याशिवाय ७५० रुपये विद्यावेतन, सायकल, गणवेश, बूट, पुस्तकं आणि बसचा पास. दोन्ही मिळून झाले १,७५०.

एवढ्याशा पैशांत काय होतं, असं कुणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण एकरकमी पन्नास हजार आणि दरमहा हजार यांत हिशेबापेक्षा वेगळा फरक आहे. एकरकमी पैसे घराचे होतात, बापाचे होतात, सोनाराचे होतात. महिन्याचा हजार मुलीच्या खात्यात येतो आणि ती शिकतेय तोवरच येतो. ‘कॉलेज सोड, घरी बस’ म्हणणाऱ्याला आता दर महिन्याला हजार रुपयांवर पाणी सोडावं लागतं. घरातल्या वादात मुलीच्या बाजूने बोलायला एक आकडा मिळाला. मे २०२१ पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्याचीही इथे भर पडते. चेंगलपट्टूकडून शहरात येणाऱ्या मुलीच्या बाबतीत अभ्यासक्रमाइतकंच बसचं भाडंही ठरवतं, ती येणार की नाही.

हे आपल्याला नवं वाटायला नको. वार लावून जेवत शिकलेल्यांच्या गोष्टी ऐकतच मराठी मध्यमवर्ग मोठा झाला. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण ती सोय जातीच्या पंगतीत बसणाऱ्यांचीच होती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, ते याच कारणाने. आणि मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्सच्या शाळेत मुलांना खाऊ घालायला सुरुवात केली ती १९२० मध्ये. जेवणाची सोय झाली की पोर टिकतं, हे दोन्ही प्रांतांना शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं.

पण पोट भरून, बसने येऊन, वर्गात बसूनही पोर अडकतं. तिथे पैशाचं काम संपतं.

राहून गेलेल्या विषयाला आपण केटी म्हणतो, त्याला चेन्नईत ‘अरिअर’ म्हणतात. ‘किती अरिअर?’ हा प्रश्न तिथे जेवलास का इतक्या सहजपणे विचारला जातो. तमिळ माध्यमातून आलेलं पोर पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकातलं गणित वाचतं तेव्हा त्याला गणित अडत नाही, वाक्य अडतं. अण्णा विद्यापीठाने २०१० मध्ये सिव्हिल आणि मेकॅनिकल तमिळमधून सुरू केलं. पण नोकरी इंग्रजीतच मिळते या भीतीने पालक बिचकतातच. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात, दुसऱ्यात चार होतात. मग पोर वर्ग बुडवायला लागतं, कारण पुढचं कळत नाही. आणि हजेरी कमी पडली की परीक्षेलाच बसता येत नाही.

२०२० मध्ये, कोविडच्या काळात, तमिळनाडू सरकारने परीक्षा शुल्क भरलेल्यांचे अरिअर परीक्षेविनाच माफ करायचं ठरवलं. पोरांनी मुख्यमंत्र्यांचे आभार मानणारी पोस्टरं लावली! तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने हरकत घेतली, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. मला ती पोस्टरं विनोदी वाटली नाहीत. इतक्या पोरांच्या मानेवर इतके विषय साचेपर्यंत कॉलेजं काय करत होती, हा प्रश्न त्या धामधुमीत विचारायचा राहून गेला.

कागदावर उत्तर आहे. अण्णा विद्यापीठाच्या नियमांत प्रत्येक मुलामागे एक ‘फॅकल्टी ॲडव्हायझर’ असतो. ठरावीक मुलांचा गट एका शिक्षकाकडे. कुणाचे गुण घसरले, कुणाची हजेरी उतरली, हे त्याने बघायचं आणि घरी कळवायचं. बहुतेक कॉलेजांत हे फॉर्मवरच्या सहीपुरतं उरतं, हे आपल्याकडच्या मेंटॉर डायऱ्या भरलेल्या कुणालाही सांगायला नको. मी डिप्लोमाला होतो तेव्हा आमच्या वर्गातला एक जण दिवाळीनंतर आलाच नाही. त्याच्या नावापुढे महिनाभर ‘गैरहजर’ लागत राहिलं, मग नाव कापलं गेलं. फोन कुणीच केला नाही, आम्हीसुद्धा नाही.

चेन्नईत निघालेल्या उपायांतला मला आवडलेला एक साधाच आहे. ‘नान मुदल्वन’, म्हणजे मीच पहिला, ही कौशल्यांची योजना १ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यात ‘उयर्वुक्कु पडी’ नावाची शिबिरं घेतात. तमिळमध्ये ‘पडी’ म्हणजे पायरी आणि ‘पडी’ म्हणजे शीकही. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. बारावीनंतर ज्यांनी कुठेच प्रवेश घेतला नाही त्यांची यादी शाळेकडूनच काढायची, त्यांना घरच्यांसकट बोलवायचं, आणि कॉलेजवाले, आयटीआयवाले, बँकवाले, दाखले देणारे एकाच मांडवात बसवायचे. जातीचा दाखला नाही म्हणून अडलेल्या पोराला तिथेच दाखला, तिथेच प्रवेश. न आलेल्यांची यादी करणं, एवढंच खरं त्यात नवीन आहे. प्रवेश घेऊन गळालेल्यांची अशी यादी कॉलेजांनी केली तर?

तमिळनाडूने टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने ७१ सरकारी आयटीआयमध्ये सुमारे २,८७७ कोटींच्या प्रकल्पातून नवी यंत्रसामग्री आणली. रोबोट आले, सीएनसी आली. फिटरचं पोर मात्र अजूनही कानशीनेच सुरुवात करतं, आणि ते बरोबरच आहे. पण आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रवेशाची मुदत संपल्यावर सुटलेली जागा कोर्स संपेपर्यंत रिकामीच राहते. म्हणून सलग तिसऱ्या दिवशी पोर आलं नाही, की इन्स्ट्रक्टरच्या एका हातात हजेरीपट असतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल. बाकावर त्या पोराचा अर्धवट घासलेला तुकडा अजून व्हाइसमध्येच असतो.

(पुढच्या आठवड्यात : मुदत संपल्यावर वीस वर्षांनी अरिअरला बसलेले)