चावी ऑन म्हणजे इंजिन चालू नव्हे!

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारा. कुणाच्या बाईकला फॉग लॅम्प, कुणाच्या हँडलला मोबाईल चार्जर, तर एखाद्याने गणपतीच्या मखराला लाजवेल अशी एलईडीची माळच लावलेली! यातली बरीच कामं "चावीच्या वायरला जोडून टाक" या पद्धतीची असतात. पण चावी ऑन असणं आणि इंजिन चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॅटरी मरते ती या दोघांच्या मधल्या वेळात.

साधं गणित करू. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ ने भागलं की सुमारे ९ अँपियर. छोट्या बाईकची बॅटरी असते ५ अँपियर-अवरच्या आसपास. कागदावर जेमतेम अर्धा तास. प्रत्यक्षात तेवढाही नाही, कारण तो ५ चा आकडा बॅटरी सावकाश, दहा तासांत रिकामी केली तर मिळतो. सेल्फ तर त्याच्याही आधी मान टाकतो. पूर्वी किकवर निभावून जायचं. आता अनेक बाईक्सना किकच नसते, आणि फ्युएल इंजेक्शनवाली बाईक बॅटरी पार बसल्यावर ढकलूनही सुरू होत नाही, कारण तिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. माळशेज घाटात रात्री धुक्यात चहाला थांबलात आणि दिवे चालूच राहिले, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

मग इंजिन चालू आहे हे वायरिंगला कळणार कसं? इंजिन फिरल्यावरच जिच्यात वीज येते अशी वायर शोधायची. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट आपोआप चालू राहणं सक्तीचं झालं. बऱ्याच बाईक्समध्ये हा हेडलाईट चावीवर लागत नाही, इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. हाच आपला सिग्नल! वायर मात्र डिपर स्विचच्या आधीची घ्या, नाहीतर अप्पर मारला की फॉग लॅम्प गुल.

आता या वायरला दिवे थेट जोडू नका, ती एवढ्या करंटसाठी नाही. मध्ये चार पायांचा रिले घाला. ८६ ला हेडलाईटची वायर, ८५ ला अर्थ. कॉइल साधारण दीडशे मिलिअँपियर खाते, ते चालतं. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, ८७ वरून दिवे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. लोक तो दिव्याजवळ बसवतात, मग मधली सगळी वायर उघड्यावर. ती कुठे घासून चेसिसला टेकली तर लालबुंद होईल, आणि वर पेट्रोलची टाकी आहे.

एक मेख आहे. काही जुन्या बाईक्समध्ये हेडलाईटला डीसी नाही तर ऑल्टरनेटरमधून सरळ एसी मिळतो. त्यावर साधा रिले सुतारपक्ष्यासारखा टकटक करत बसतो. म्हणून आधी मल्टिमीटर लावा. डीसी रेंजवर १२ ते १४ व्होल्ट स्थिर दिसले तरच पुढे जा.

वायर कापायचीच नसेल तर व्होल्टेज ओळखणारा रिले मिळतो. निवांत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, चार्ज होताना १४ च्या आसपास. या फरकावर तो चालतो. फक्त चार्जरसारखा हलका लोड असेल तर इंजिन बंद केल्यावर तो लगेच सुटत नाही, थोडा वेळ घेतो.

आणि हो, इंजिन चालू म्हणजे वीज फुकट असं नाही. सिग्नलला उभं असताना छोट्या बाईकच्या ऑल्टरनेटरला हे जादाचे ११० वॅट झेपत नाहीत. २० वॅटची एलईडी जोडी दोन अँपियरच्या आत भागवते, माझं मत तिलाच.

सगळं जोडून झालं की चावी ऑन करा. दिवे लागता कामा नयेत. सेल्फ मारा, इंजिन धरलं की रिलेचा एक "टक्" आवाज येईल आणि दिवे लागतील. आता किल स्विच दाबा, चावी तशीच ठेवून. दिवे विझले नाहीत तर तुम्ही चुकीची वायर पकडली आहे.