स्वस्थ बसू नका

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला आणि आज बोलायचंय हृदयाबद्दल. मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.वाली, तेव्हा मला औषधं विचारू नका!

सुरुवात शब्दापासून करते, सवय जात नाही. ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी. पण घरात आपण म्हणतो, ‘अगं, स्वस्थ बस ना जरा!’ तिथं स्वस्थ म्हणजे न हलता. स्तनाच्या कर्करोगाचे माझे उपचार संपले तेव्हा मी ६८ वर्षांची होते आणि घरच्यांनी हा दुसरा अर्थ घट्ट धरला. बादली उचलू नका, भाजी आम्ही आणतो, खाली कशाला उतरता. प्रेमच होतं ते. सहा महिन्यांत अशी वेळ आली की एक जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबायचं. मला वाटलं, वय झालं.

नुसतं वय नव्हतं. डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध असतं, रंगानं लाल. ते कर्करोगाच्या पेशी मारतं, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतं. एकूण मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त, आणि परिणाम कधीकधी कित्येक वर्षांनी दिसतो. ट्रास्टुझुमॅबनं हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. औषध थांबवलं की ते बहुतेक वेळा सावरतं. डाव्या बाजूला किरणोपचार झाले असतील तर हृदय अगदी शेजारीच. त्यात आपल्या वयाचा रक्तदाब आणि साखर. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, निदानाच्या वेळी ६६ किंवा त्याहून जास्त वय असलेल्या रुग्ण स्त्रियांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं गेलेल्या स्त्रिया स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्यांपेक्षा किंचित जास्तच निघाल्या. आपण पुढच्या दाराला कडी घालून बसलो, आणि मागचं उघडं!

आणि झोपून राहण्याची किंमत काय? १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. वय वीस. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. शरीराची श्रमशक्ती तीस वर्षांच्या वयानं जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. ते तर विशीतले. आपलं काय होईल, विचार करा. दिलासा एवढाच की व्यायामानं ही शक्ती आपल्या वयातही वाढते.

काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांना ‘त्या हातानं काही उचलायचं नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००९ मध्ये हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत त्यांनी व्यायाम केला. सूज वाढली नाही, हातात ताकद आली. मात्र देखरेख आणि हळूहळू हे दोन शब्द विसरू नका. एकदम गव्हाचा डबा उचलायला जाऊ नका.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते. शिवाय दोन दिवस स्नायूंचा आणि ज्येष्ठांना तीन दिवस तोल सांभाळण्याचाही व्यायाम. आकडा ऐकून घाबरू नका. मी दोन विजेच्या खांबांपासून सुरुवात केली. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे वेग बरोबर. नाडी मोजण्यावर फार विसंबू नका, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती मुळातच मंद असते. केमोनं तळपाय बधिर झाले असतील, किंवा लेट्रोझोलसारख्या गोळीनं हाडं ठिसूळ झाली असतील, तर पडणं महागात जाईल. चांगले बूट घाला, तोलाचा व्यायाम भिंतीजवळ करा.

छातीत दाब, चक्कर, धडधड असं काही वाटलं तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. आडवं झाल्यावर दम लागणं, पावलं सुजणं, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढणं, हेही ‘वयोमानानं’ म्हणून सोडू नका.

सुरुवात करण्याआधी एक काम करा. कोणती औषधं मिळाली, एकूण मात्रा किती, किरणोपचार कुठल्या बाजूला, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. टू-डी इको करायचा का, ते विचारा. मी हे तीन वर्षांनी विचारलं, तुम्ही थांबू नका.

आता प्रश्न घेऊ या. पहिल्या रांगेतल्या ताई, तुमचा हात केव्हाचा वर आहे, विचारा.