इन्शुलीन-रोध

रक्तात इन्शुलीन पुरेसे, पुष्कळदा नेहमीपेक्षा अधिक असूनही शरीरातील ऊतकांवर (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांवर) त्याचा अपेक्षित परिणाम होत नाही, तेव्हा त्या अवस्थेला इन्शुलीन-रोध म्हणतात. इन्शुलीन हे अग्निपिंडातील (जठराच्या मागे आडव्या असलेल्या ग्रंथीतील) लँगरहान्स द्वीपकांमध्ये तयार होणारे हॉर्मोन (नलिकेवाटे न जाता सरळ रक्तात मिसळणारा स्राव) आहे.

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की, द्वीपकांतील बीटा कोशिका इन्शुलीन स्रवतात. त्यामुळे ग्लुकोज स्नायूंत व वसा ऊतकात शिरते, यकृतात ग्लायकोजेनाच्या रूपाने त्याचा साठा होतो आणि यकृतातून नवे ग्लुकोज बाहेर पडण्यास आळा बसतो. रोध उत्पन्न झाल्यास हेच काम होण्यासाठी अधिक इन्शुलीन लागते व बीटा कोशिका ते पुरवितातही. या काळात, आणि तो अनेक वर्षांचा असू शकतो, रक्तातील साखर तपासली तर ती प्राकृत (सर्वसाधारण) आढळते. पुरवठा कमी पडू लागला म्हणजे साखर वाढते व मधुमेहाचा दुसरा प्रकार प्रकट होतो. पहिल्या प्रकारात बीटा कोशिकांचाच नाश होत असल्यामुळे तो मूलतः वेगळा रोग आहे.

मधुमेहाचे रुग्ण एकाच जातीचे नसतात, ही जाणीव भारतात जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असे वर्णन आहे. उपचारही त्यानुसार निरनिराळे सांगितले आहेत. आधुनिक काळात १९२१ मध्ये टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलीन वेगळे केले, तेव्हा मधुमेह म्हणजे इन्शुलिनाचा अभाव हे समीकरण रूढ झाले. हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये काही रुग्णांवर इन्शुलिनाचा प्रभावच कमी पडतो असे दाखवून त्याला पहिला धक्का दिला. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्शुलीन मोजण्याची पद्धत शोधून काढली. तिच्यामुळे अनेक प्रौढ मधुमेही व्यक्तींच्या रक्तात इन्शुलीन मुळीच कमी नसते, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

रोधाचे प्रमुख कारण म्हणजे उदरातील इंद्रियांभोवतीची व यकृतातील अतिरिक्त वसा. यावरून हा सुखवस्तू व लठ्ठ माणसांचा विकार असावा, असा समज सहज होतो. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या, ज्वारी-कापसाच्या टापूतील गावी तर सडपातळ शेतकऱ्याला किंवा हमालाला मधुमेह होईल, हे पुष्कळांना खरेच वाटत नाही. हा समज घातक आहे. कारण त्यामुळे तपासणीच होत नाही आणि डोळे, मूत्रपिंडे वा पावले बिघडल्यावरच निदान होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ८·४% मधुमेही आणि आणखी १२·८% मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले होते.

या कोड्याची उकल करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभार निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) सारखाच, २२·३ होता. पण देहातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१% व याज्ञिक यांच्यात २१·२% निघाले. निर्देशांक उंचीच्या मानाने वजन सारखेच दाखवीत होता. ते वजन स्नायूंचे की वसेचे, हे त्याला सांगता येत नव्हते.

हा फरक प्रौढपणी उत्पन्न होतो असेही नाही. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन अवघे सु. ४२ किग्रॅ. होते. त्यांची अर्भके सु. २·७ किग्रॅ. वजनाची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची अर्भके सु. ३·५ किग्रॅ. वजनाची होती. मात्र भारतीय अर्भकांतील तूट मुख्यतः स्नायू व उदरातील इंद्रिये यांत होती. त्वचेखालील वसा, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने टिकून होती. पुण्यातील दुसऱ्या एका अभ्यासात भारतीय नवजातांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनाचे प्रमाणही अधिक आढळले. गर्भाला पोषण अपुरे मिळाल्यास त्याचे शरीर काटकसरीने घडते आणि पुढे अन्न मुबलक व श्रम कमी झाले की, तीच घडण जाचक ठरते, अशी याची उपपत्ती सांगतात. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी या विचाराचा पुरस्कार केला होता.

केवळ उष्मांकांची उणीव भरून काढल्याने प्रश्न सुटत नाही. याच खेड्यांतील सु. दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस यांसारख्या प्राणिज पदार्थांतूनच मिळते. ज्यांच्यात ते कमी व फॉलिक अम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीन-रोध सर्वाधिक आढळला (२००८).

रोधाची खूण कधीकधी बाहेरून दिसते. मानेवर व काखेत त्वचा काळपट, जाड व मखमलीसारखी होते. तिला मळ समजून घासत बसणे व्यर्थ असते. तरुण स्त्रियांत अनियमित मासिक पाळी व बहुपुटी अंडकोश (अनेक लहान पुटके असलेले बीजकोश) यांच्याशीही रोधाचा निकट संबंध असतो. भारतीयांच्या बाबतीत कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. किंवा त्याहून अधिक असणे धोक्याचे मानतात. देहभार निर्देशांकासाठीही जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००४ मध्ये आशियाई लोकांकरिता २५ ऐवजी २३ पासूनच सावध राहावे, असे सुचविले.

उपचारात स्नायूंना काम देण्याला पहिले स्थान आहे, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनाच्या मदतीवाचूनही ग्लुकोज आत घेऊ शकतो. उदरातील वसा कमी झाली की रोधही उतरतो. मेटफॉर्मिन हे औषध मुख्यत्वे यकृतातून होणारे ग्लुकोजाचे उत्सर्जन कमी करते. दीर्घकाळ घेतल्यास ते ब-१२ चे शोषण घटविते, ही गोष्ट शाकाहारी रुग्णांच्या बाबतीत वैद्याने विसरता कामा नये. पुण्याजवळच्या त्या खेड्यांत जन्मलेली मुले तरुण झाल्यावर, त्यांना स्वतःला अपत्ये होण्यापूर्वीच ब-१२ देऊन पुढील पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू करण्यात आला.