‘हेवी मेटल’ कशास म्हणावें?

‘हेवी मेटल’ या नांवाचें पाश्चात्त्य संगीत आमच्या वयाच्या मनुष्याच्या कानांस सुखावह वाटावें अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं, व तें सुखावह आहे असें सिद्ध करण्याचा आमचाही हेतु नाहीं. परंतु या संगीताच्या उपासकांमध्यें गेलीं कित्येक वर्षें एक वाद चालू आहे, आणि ज्यानें तर्कशास्त्राचीं चार पानें गुरुमुखांतून ऐकलीं आहेत त्यास तो अगदीं घरचा वाटावा. हें खरें हेवी मेटल, तें नव्हे, एवढाच त्याचा विषय. थ्रॅश, डूम, पॉवर, डेथ, ब्लॅक, ग्लॅम, ग्राइंडकोर, न्यू मेटल, ड्रोन अशीं या संगीताचीं पोटकुळें पुष्कळ आहेत. सॅम डन या कॅनडाच्या मानववंशशास्त्रज्ञानें २००५ सालच्या आपल्या माहितीपटांत त्यांचा वंशवृक्षच मांडून दाखविला आहे. यांपैकीं कोणतें कुळ औरस व कोणतें उपटसुंभ, यावरून चांगलीं शिकलेलीं माणसें हमरीतुमरीवर येतात. काळे सदरे घातलेलीं मुलें आतां आपल्याही पुण्या-मुंबईच्या घरांतून दिसतात. तेव्हां घरांत चाललेला वाद वडील मंडळींस समजावयास हरकत नाहीं.

वादांत शिरण्यापूर्वीं वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथील अ‍ॅस्टन नांवाच्या मजूरवस्तींत वाढलेला टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ सालीं पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. यंत्राखालीं सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. वादक म्हणून तो डावखुरा. म्हणजे ज्या बोटांनीं गिटारीच्या तारा दाबावयाच्या तींच गेलीं. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, वाद्यास बारीक तारा लावल्या, आणि पुढें तारांचा ताणच कमी व्हावा म्हणून वाद्य खालच्या स्वरांत लावावयास आरंभ केला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तबकडींतील कांहीं गाण्यांत तें तीन अर्धस्वर खालीं उतरलेलें आहे. जें व्यंग झांकण्यासाठीं केलें तेंच पुढें या संगीताचें वैशिष्ट्य ठरलें.

आयोमी व त्याचे तीन सोबती यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली, व बहुतेक जाणकार तोच या संगीताचा जन्मदिवस धरतात. तिच्यांतील पहिल्या गाण्याचा आधार तीनच स्वरांचा आहे: खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. षड्जाशीं तीव्र मध्यमाचें जें वैर तें आपल्याकडील गवयांस सांगावयास नको. मारव्याच्या वेळीं सुटणारी हुरहूर त्यांनीं ऐकलेली असते, येथें मात्र हुरहूर नसून धाक आहे. गिटारीवर पुनःपुन्हां फिरून येणाऱ्या अशा लहानशा स्वरवाक्यास ‘रिफ’ म्हणतात. रिफ वाजवितांना बहुधा षड्ज व पंचम एकत्र छेडतात आणि मधला गांधार गाळतात. ध्वनिवर्धकास त्याच्या शक्तीबाहेर ताणून नाद मुद्दाम फाडलेला असतो. त्या फाटक्या नादांत गांधार गढूळ होतो, षड्ज-पंचम तेवढे ठाम राहतात. ऐकणारास शुद्ध कीं कोमल याचा पत्ता लागत नाहीं, केवळ वजन जाणवतें.

आतां लक्षण. गायीचें लक्षण ‘शिंगें असणें’ असें केलें तर तें म्हशीसही लागतें, ती अतिव्याप्ति. ‘तांबूस वर्ण’ असें केलें तर पांढरी गाय वगळली जाते, ती अव्याप्ति. ‘एकच खूर असणें’ म्हटलें तर तें कोणत्याच गायीस लागत नाहीं, तो असंभव. गळ्याखालीं लोंबणारी पोळी, म्हणजे सास्ना, हें निर्दोष लक्षण. हेवी मेटलची सास्ना कोणती?

मोठा आवाज व फाटका गिटारनाद म्हणावें, तर तो पंक संगीतांतही आहे; आणि उलट ‘अपोकॅलिप्टिका’ या फिनलंडच्या चार वादकांनीं १९९६ सालीं गिटारीवांचून केवळ चार चेलोंवर ‘मेटालिका’चीं गाणीं वाजवून दाखविलीं, तीं ऐकून तें मेटल नव्हे असें म्हणवत नाहीं. द्रुत लय म्हणावी, तर मूळ पुरुष जो ब्लॅक सॅबथ त्याचीं गाजलेलीं गाणीं प्रेतयात्रेच्या चालीनें जातात. घशांतून गुरगुरणें म्हणावें, तर ‘जूडास प्रीस्ट’चा रॉब हॅलफर्ड तारसप्तकांत स्वच्छ गातो. सैतान, मरण, युद्ध हे विषय म्हणावे, तर कॅलिफोर्नियाच्या ‘स्ट्रायपर’ या बँडनें तींच वाद्यें वाजवून ख्रिस्ताचें भजन केलें व श्रोत्यांत बायबलें फेंकलीं.

अडचण एवढ्यावर संपत नाहीं. ज्यांस सर्व जग या कुळांत घालतें त्यांतले कित्येक स्वतःच नाकबूल जातात. ‘मोटरहेड’च्या लेमीनें १९७५ पासून २०१५ च्या डिसेंबरांत मरेपर्यंत आपलें संगीत केवळ रॉक अँड रोल आहे असेंच सांगितलें. ‘लेड झेपेलिन’च्या मंडळींसही हें नांव कधीं रुचलें नाहीं. आम्हांस वाटतें, येथें मालकाचा शब्द अखेरचा धरूं नये. झेपेलिन हा पूर्वज खरा, पण त्याच्या अंगांत अमेरिकन ब्लूजचें रक्त इतकें आहे कीं त्यास पितामह म्हणून नमस्कार करून बाजूस बसवावें. लेमीस मात्र त्याच्या नकारासकट आंत घ्यावें.

१९८९ च्या फेब्रुवारींत या वादाचा मोठाच विनोद झाला. अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकांत त्या वर्षीं हार्ड रॉक व मेटल यांसाठीं प्रथमच एक बक्षीस ठेविलें होतें. त्या समारंभांत ‘मेटालिका’नें आपलें गाणें वाजविलें, बक्षीस त्यांसच मिळणार असें सर्व धरून चालले होते, आणि नांव पुकारलें गेलें ‘जेथ्रो टल’चें! या बँडचा म्होरक्या इयन अँडरसन बासरी वाजवितो. पुढें त्यांच्या प्रकाशकांनीं, बासरी हेंही जड आणि धातूचेंच वाद्य आहे, अशा अर्थाची जाहिरात देऊन हंशा पिकविला. पुढच्या वर्षीं हार्ड रॉक व मेटल हीं बक्षिसें वेगळीं केलीं गेलीं व मेटलचें मेटालिकास मिळालें. परीक्षकांपाशीं लक्षण नव्हतें, ओळखीचीं नांवें तेवढीं होतीं.

परंतु उपासकांपाशीं तरी लक्षण आहे काय? बहुधा त्यांच्यापाशीं आवडनिवड असते व तिलाच तीं लक्षण म्हणतात. १९८० नंतर लॉस एंजेलिसच्या सन्सेट स्ट्रिप भागांतून ‘मॉट्ली क्रू’, ‘पॉयझन’ असे बँड निघाले. केस फुगविलेले, तोंडास रंग, गाण्यांत चैन व प्रणय. यांस ग्लॅम म्हणतात, आणि कट्टर मंडळी यांचें नांव काढतांच नाक मुरडतात. कारण विचारावें तर म्हणतात, तें उथळ आहे, मुलींसाठीं आहे. उथळ असेल, आम्हीं ऐकलें त्यांतलें बरेंच तसें वाटलें. परंतु येथें आमचे आलंकारिक पुढें आहेत. मम्मटानें चित्रकाव्यास अगदीं खालचा दर्जा दिला, तरी काव्याच्या घरांत त्यास जागा ठेविली. विश्वनाथानें तर मम्मटाच्याच लक्षणावर आक्षेप घेतला कीं, दोषरहितता ही काव्याची अट घालूं नका. किडीनें पोंखरलें म्हणून रत्नाचें रत्नपण जात नाहीं, किंमत उतरते. (तोच विश्वनाथ चित्रकाव्यास मात्र दाराबाहेर काढतो, हा भाग निराळा.) वाईट मेटल हें वाईट आहे, पण मेटल आहे. आणि मुलींस आवडतें म्हणून वगळावें हा हेतु तर हेत्वाभासाच्याही यादींत बसावयाचा नाहीं.

खरा तंटा न्यू मेटलचा. १९९४ सालीं कॅलिफोर्नियाच्या ‘कॉर्न’नें व १९९९ सालीं आयोवाच्या ‘स्लिपनॉट’नें आपल्या पहिल्या मोठ्या तबकड्या काढल्या, पुढें २००० सालीं ‘लिंकिन पार्क’ आला. यांनीं गिटारीचें लांबलचक एकल वादन टाकलें, आणि नीग्रो वस्त्यांतून जन्मलेल्या रॅप-हिपहॉपची बोलण्याची लय घेतली. कोट्यवधि तरुणांस मेटलची पहिली ओळख यांच्याच द्वारें झाली. तथापि कॅनडांत २००२ पासून रचिला जात असलेला ‘एन्सायक्लोपीडिया मेटालम’ हा या संगीताचा प्रचंड कोश, ज्यांत खेड्यापाड्यांतल्या एकाच फितीच्या बँडांसही स्थान आहे, त्यानें कॉर्न व स्लिपनॉट यांस वर्षानुवर्षें प्रवेश दिला नाहीं.

कोशकारांचें म्हणणें असें कीं, आम्ही लोकप्रियता पाहत नाहीं, संगीताची घडण पाहतों. हें तत्त्व उत्तम, पण तेंच येथें लावून पाहावें. कॉर्नची गिटार सात तारांची, शिवाय एक स्वर उतरविलेली. म्हणजे आयोमीनें तुटक्या बोटांमुळें जी उतरण धरली तिच्याच आणखी चार पायऱ्या खालीं. गाण्याचा आधार रिफ, रिफाचा प्राण वजन. कुळाचें मुख्य चिन्ह धारण केलें असतां पंक्तींत न घेण्याचें कारण काय? हिपहॉपचा संसर्ग? मग ब्लॅक सॅबथनें ब्लूज घेतला तोही त्याच समाजाचा होता. आमच्या वाचकांच्या घरांतून पंक्तिभेद नाहींसा होऊन फार काळ लोटलेला नाहीं. आधीं माणूस उठवावयाचें ठरतें व मागाहून वचनें शोधलीं जातात, हा क्रम आम्हांस चांगला परिचित आहे. न्यू मेटलविरुद्धचे युक्तिवाद वाचतांना आम्हांस तोच ओळखूं आला.

या शुद्धीच्या हट्टाचें टोंक नॉर्वेंत दिसलें. तेथील ब्लॅक मेटलच्या तरुणांनीं १९९० नंतर, डेथ मेटल बाजारी झालें, खरे आम्हीच, अशी भाषा सुरू केली. ६ जून १९९२ रोजीं बर्गेनजवळील फॅन्टॉफ्टचें मध्ययुगीन लांकडी चर्च जाळलें गेलें. आणखीही चर्चें जळलीं. १९९३ च्या ऑगस्टांत ‘मेहेम’च्या एका वादकाचा दुसऱ्या एका वादकानेंच खून केला. खुनाचें कारण संगीताचा शुद्धाशुद्ध-विचार होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘खरा’ हा शब्द ज्या मंडळींत सर्वांत मोठा झाला होता त्याच मंडळींत हें घडलें. पुढें २०१३ सालीं सान फ्रान्सिस्कोच्या ‘डेफहेवन’नें त्याच ब्लॅक मेटलच्या रीतीनें ‘सनबेदर’ ही तबकडी काढली, तेव्हां तिचें वेष्टण गुलाबी आहे यावरूनही तक्रारी झाल्या! वेष्टणाच्या रंगावरून संगीताची जात ठरविणें म्हणजे तांबूस वर्णावरून गाय ठरविणें.

आमचें मत असें. नाटकांत अनेक रस असले तरी एक अंगी असतो, बाकीचे त्याचीं अंगें. तसें ज्या रचनेंत रिफाचें वजन अंगी आहे व बाकीचें सर्व त्याच्या सेवेस आहे ती हेवी मेटल, मग वाद्य चेलो असो, लय मंद असो कीं विषय येशूचा असो. या कसोटीनें कॉर्न आंत येतो. ‘सन’सारखे ड्रोनवाले, जे ड्रमही टाकून एकेक नाद मिनिट-मिनिट घोळवितात, तेही येतात, तेथें वजनावांचून दुसरें कांहीं उरलेलेंच नाहीं. बर्मिंगहॅमच्याच ‘नेपाम डेथ’चें १९८७ चें सव्वा सेकंदाचें गाणें, ज्याची नोंद जगांतील सर्वांत लहान गीत म्हणून झाली, तें मेटल कीं पंक हें ठरविण्यास तें पुरेसें लांबच नाहीं, त्या बँडच्या पुढच्या तबकड्या मात्र निःसंशय आंत. लिंकिन पार्कविषयीं गाण्यागणिक निर्णय करावा लागेल. ग्लॅमचीं प्रणयगीतें बाहेर, बाकीचीं आंत. ज्यांस सीमा धारेसारखी रेखीव हवी त्यांचें यानें समाधान होणार नाहीं. पण ठुमरीचा दादरा कोठें होतो हें तरी सुतानें मोजून कोणीं दाखविलें आहे?

एका बाबतींत आमची परीक्षा आमच्याच अंगणांत झाली. सिंगापुरांतील भारतीय वंशाच्या तरुणांचा ‘रुद्र’ हा बँड १९९२ पासून संस्कृत वचनें डेथ मेटलच्या घशानें म्हणतो. ‘ब्रह्मविद्या’ नांवाच्या त्याच्या तीन तबकड्या आहेत. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’नें २०१७ सालीं ‘दशावतार’ काढली, तींत मत्स्यापासून एकेका अवतारास एकेक गाणें दिलें आहे. संस्कृत अशा स्वरांत ऐकून आमच्या अंगावर कांटा आला, तो भक्तीचा नव्हे. तथापि आम्हांस तें रुचत नाहीं यावरून तें मेटल नव्हे असें ठरत नाहीं, व त्यांतली ब्रह्मविद्या खोटी आहे असेंही ठरत नाहीं. उच्चारांविषयीं मात्र आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत, ते त्या मंडळींची गांठ पडल्यास त्यांसच सांगूं.

५ जुलै २०२५ रोजीं ब्लॅक सॅबथच्या चौघांनीं आपला निरोपाचा जलसा अ‍ॅस्टनमधीलच व्हिला पार्क या मैदानावर केला. पाहुण्यांत मेटालिका व ‘स्लेयर’ हे निर्विवाद कुळाचे होते. परंतु ‘गन्स अँड रोझेस’, ‘अ‍ॅलिस इन चेन्स’ आणि ‘टूल’ हेही होते, ज्यांस मेटल म्हणावें कीं नाहीं यावर तुफान वाद झालेले आहेत. कट्टरांच्या मतें यांतले कित्येक दारांतच अडले असते. तेथें तशी विचारपूस झाली नाहीं. पाहुण्यांनीं आपापल्या गाण्यांच्या जोडीला सॅबथचींही गाणीं वाजविलीं. गायक ऑझी ऑस्बोर्न याच्यानें उभें राहवत नव्हतें, तो सिंहासनासारख्या आसनावर बसून गायला, आणि २२ जुलैस वारला. आयोमी त्या रात्रीं तींच टोपणें घातलेल्या बोटांनीं वाजवीत होता.